कांताबाईंची हाव

कांताबाईंच्या पोटात गाणं राहत नाही. कुणाच्या घरचं गुपित राहतं, रुसवा तर महिनामहिना मुक्कामाला असतो, पण गाणं कानात पडलं की दुसऱ्या दिवशी ते शेजारणीच्या ओट्यावर पोचलंच म्हणून समजा. लकडगंजात, वखारींच्या मागच्या गल्लीत त्यांना ओळखत नाही असं माणूस नाही, आणि त्यांच्याकडून एखादं तरी गाणं घेतलं नाही अशी बाई नाही.

"गाणं म्हणजे विरजण वं," त्या सांगतात. "शेजारीण वाटी घेऊन दारात आली तं तिले कोणी नाही म्हणते का? चमचाभर दिलं, तं आपलं दही कमी होते का? उलट तिच्याही घरी लागते."

ही खोड आजची नाही. सावनेरला त्यांच्या माहेरी रेडिओ नव्हता. तो होता समोरच्या मधुसूदन गुरुजींकडे. गुरुजी मुलींना ओसरीवर बसू देत, पण गाणं संपलं की लगेच पिटाळत. आणि रेडिओवरचं गाणं एकदा येऊन गेलं की पुन्हा कधी लागेल याचा काही नेम नाही. मग मैत्रिणींनी युक्ती काढली, गाण्याची वाटणी करायची. एकीनं मुखडा धरायचा, दुसरीनं पहिलं कडवं, तिसरीनं त्याच्या पुढचं. गाणं संपलं की सगळ्या विहिरीकडे धूम ठोकायच्या आणि डोक्यातून निसटायच्या आत आपापला तुकडा म्हणून गाणं पुरं करायच्या. एकदा मधल्या कडव्याची मुलगी गोवर येऊन घरी पडली. ते गाणं कांताबाईंना आज साठी उलटून गेली तरी मधल्या कडव्याशिवायच येतं, आणि त्या ते तसंच म्हणतात, बिनदिक्कत.

लग्न होऊन त्या नागपुरात आल्या. नवरा चंपतराव वखारीत लाकूड मोजायला होते. माणूस अबोल, पण बायकोचा जीव कशात आहे हे ओळखून होता. पहिल्याच दिवाळीला टेपरेकॉर्डर घेऊन आला. मग काय विचारता! गल्लीतून दुसरा टेप मागून आणायचा, दोघांची तोंडं समोरासमोर करायची, एकावर गाणं लावायचं, दुसऱ्यावर लाल बटण दाबायचं आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. अशा उतरवलेल्या कॅसेटी गल्लीभर फिरल्या. त्यातल्या एका गाण्यात चंपतरावांची शिंक होती. तेव्हा कांताबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. चंपतराव गेल्यावर मात्र त्या ती कॅसेट शिंकेसाठीच लावू लागल्या. लावून लावून कॅसेट झिजली आणि शिंकही गेली.

अशा बाईच्या हाती या वर्षी एक कुलूपबंद गाणं पडलं, आणि तेही सुनेनं दिलेलं.

सून म्हणजे श्वेता. नाशिकची. मुलगा अमोल हिंगण्याला कारखान्यात, आणि श्वेता एका सीएच्या ऑफिसात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "आई, अजून एक पोळी वाढू?" कांताबाई म्हणाल्या, "हाव." श्वेताचा हात तिथेच थांबला. तिच्या माहेरी हाव म्हणजे लोभ, अधाशीपणा. सासूबाई स्वतःला अधाशी म्हणताहेत की आपल्याला, तिला कळेना. अमोलनं पोट धरून हसत उलगडा केला की इकडे हाव म्हणजे हो, दुसरं काही नाही. कांताबाईही हसल्या. खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ दोन्ही हावा होत्या, नागपूरचीही आणि पुस्तकातलीही; गाण्याच्या बाबतीत तर दुसरीच जास्त.

तर हा विनोद घरात राहिला, पण गोष्ट विनोदापलीकडे गेली नाही. सून वाईट नव्हती, हीच पंचाईत होती. वाईट असती तर भांडता आलं असतं. श्वेता नीट बोलायची, नीट वागायची, सासूच्या गोळ्यांची आठवण ठेवायची, आणि दोन वर्षं झाली तरी घरात पाहुणीसारखी वावरायची. या पोरीनं एकदा तरी हक्कानं दार आपटावं, असं कांताबाईंना फार वाटायचं.

मार्च सरता सरता एक दिवस कांताबाई इतवारीतून ई-रिक्षानं येत होत्या. ड्रायव्हरच्या फोनवर गाणं लागलं:

माय, दार लोटून ठेव, कडी लावू नको वं,
मी येऊन राहिली, दिवा मालवू नको वं...

कांताबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपली बोली, आपली चाल, आणि आवाज तर असा की आत्ताच कुणी शेतातून धावत आलंय. पण तेवढ्यात ड्रायव्हरला कुणाचा फोन आला आणि गाणं तुटलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही मावशी, आपोआप लागलं." झालं! आठ दिवस घरात त्या दोन ओळींशिवाय दुसरं काही ऐकू येईना. कणीक मळताना त्या दोन ओळी, कपडे वाळत घालताना त्या दोन ओळी.

नवव्या दिवशी संध्याकाळी श्वेता ऑफिसातून आली, सासूचा फोन मागून घेतला, काहीबाही बोटं फिरवली आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. अख्खं गाणं! भैरवी नावाच्या नागपूरच्याच मुलीचं, स्वतः लिहून स्वतः गायलेलं. मुखडा झाला की ढोलकी थांबायची, एक मात्रा सगळं मोकळं, आणि मग कडवं उचलायची. कांताबाईंनी उभ्या उभ्या तीनदा ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले.

"तुले कसं समजलं वं?"

"आठ दिवस तुम्ही तेवढंच म्हणत होतात, आई. पुढचं काय आहे ते मलाच कळायला हवं होतं," श्वेता म्हणाली, आणि दोघीही ओट्याशी उभ्या राहून खूप हसल्या. असं हसणं त्या दोघींच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

मग श्वेतानं समजावून सांगितलं. गाणं विकत घेतलेलं आहे. ते याच फोनवर वाजेल, दुसरीकडे जाणार नाही, कंपनीनं तसा बंदोबस्त केलाय. "आणि आई, कुणाला देऊही नका हं. त्या मुलीचं पोट त्यावर आहे. माझ्यासाठी एवढं ऐका."

"हाव वं," कांताबाई म्हणाल्या. आनंदाच्या भरात माणूस कशालाही हाव म्हणतो.

आता कांताबाईंचं एक मंडळ आहे, महिला लोकगीत मंडळ. चौदा जणी. पेटीवर यमुताई, मंडळात सगळ्यात वडील. कानानं कमी ऐकतात, पण बोटं पक्की. ढोलकीवर ठेल्यावर भाजी विकणारी एकजण. टाळावर माया, तिचं पार्लर आहे आणि फोनमधलं सगळं तिलाच कळतं. त्याच आठवड्यात माया धापा टाकत बातमी घेऊन आली. एक मेला समाजभवनात लोकगीत स्पर्धा आहे. गाणं आपल्या बोलीतलं हवं, मूळ गाण्यात फेरफार चालणार नाही. आणि परीक्षक कोण, तर भैरवी!

कांताबाईंना राहवलं नाही. त्यांनी फोन काढला आणि गाणं लावलं. संपलं तेव्हा चौदाही जणी एकदम बोलू लागल्या. हेच गाणं म्हणायचं! जिचं गाणं तिलाच ऐकवायचं, चौदा तोंडांनी! यमुताईंनी तर फोन कानाला असा दाबून धरला की परत मिळेना.

पण तालमीसाठी रोज एकत्र जमायला वेळ कुणाला होता? एक शाळेत खिचडी शिजवायला, एक भाजीच्या ठेल्यावर, एकीची नात लहान. प्रत्येकीला घरी ऐकूनच पाठ करायला हवं होतं. मायानं फोन हातात घेतला. पाठवायचं बटणच नव्हतं. फाईल शोधून काढली, तर तिचं नाव म्हणजे नुसता आकड्यांचा गोंधळ, आणि दुसऱ्या फोनवर गेली की मुकी. स्क्रीन रेकॉर्ड केली, तर भैरवीचा फोटो छान आला, आवाज गायब.

"आपापलं विकत घ्या मंग," कांताबाई म्हणाल्या, कारण त्यांना सुनेला दिलेला शब्द आठवत होता.

"घरच्या कार्डावरून घ्या लागते ते," माया म्हणाली. "अर्ध्या जणींच्या घरी विचारलं, तं गाण्याले कोणी पैसे देते का म्हणून हसले."

कांताबाईंनी दोन दिवस विचार केला. मनात म्हणाल्या, दोन वर्षांत सून पहिल्यांदा आपल्याजवळ आली, तेही याच गाण्यानं. शब्द मोडला आणि तिला कळलं, तर ती पुन्हा पाहुणी होईल, ती कायमची. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण दुसरीकडे भैरवी समोर बसलेली दिसत होती, आणि चौदा जणींनी मुखडा उचललेला. पुस्तकातली हाव जिंकली.

मग वकिलालाही सुचणार नाही असा मुद्दा त्यांना सुचला. "देऊ नका म्हणे. मी देऊन राहिली का? मी माझ्या घरी गाणं लावून बसली. तुम्ही बसायले आल्या. तुमचे फोन तुमच्या हातात. ते काय करून राहिले, त्याले मी काय करू?"

म्हणजे तीच जुनी तोंडासमोर तोंड युक्ती! मात्र टेपच्या वेळी गल्ली शांत असायची. आता मागे आरामशीन होती, दिवसभर लाकूड चिरणारी. ती फक्त जेवणाच्या सुट्टीत थांबे. तेव्हा ठरलं, भर दुपारी, आरामशीन थांबली की. श्वेता ऑफिसात, अमोल कारखान्यात.

एप्रिलची नागपूरची दुपार, आणि कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. मधोमध स्टीलचा मोठा गंज (पातेल्याला इकडे गंज म्हणतात), त्यात कांताबाईंचा फोन, म्हणजे आवाज भरून येईल. भोवती चौदा जणी, भुलाबाईची गाणी म्हणायला बसाव्या तशा, आणि हातात फोन. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण डोळे पाहाल तर चोरून कैऱ्या पाडणाऱ्या पोरींचे.

पहिल्यांदा लावलं, तर भाजीवाला नेमका दारात ओरडला. दुसऱ्यांदा यमुताईंचाच फोन वाजला, आणि तो वाजतोय हे त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू आलं. तिसऱ्यांदा मात्र जमलं. मुखडा आला, असा आला की खोली भरून गेली. माय, दार लोटून ठेव, कडी लावू नको वं. ढोलकी थांबली. ती मोकळी मात्रा आली.

आणि दारावर टकटक.

"आई, मी आलेय. दार उघडता का?"

"हाव वं," कांताबाई म्हणाल्या. तोंडाला लागलेली सवय, दुसरं काय! मनात यायच्या आधीच ते निघून गेलं.

तेरा जणींनी कपाळावर हात मारला, पण आवाज न करता. कुणी हललं नाही. कडवं सुरू झालं होतं, आरामशीन पुन्हा केव्हाही सुरू होईल, आता थांबायचं कसं? कांताबाई उठल्या, परत बसल्या. आत गाणं म्हणत होतं, कडी लावू नको, आणि बाहेर श्वेता उन्हात उभी होती. गाणं संपेपर्यंत उभी होती.

मायानं दार उघडलं तेव्हा श्वेताचा चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता. डोकं दुखतं म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिनं घामानं निथळणाऱ्या चौदा बायका पाहिल्या, बंद पंखा पाहिला.

"काय चाललंय?"

"मौन पाळून राहिलो," माया म्हणाली.

"आणि फोन गंजात का?"

"तापला होता," कांताबाई म्हणाल्या.

श्वेता पाणी प्यायली आणि आत जाऊन पडली. मागे आरामशीन किरकिरत सुरू झाली, म्हणजे पुन्हा उतरवायची सोय नाही. जे उतरलं ते उतरलं. कांताबाईंनी त्या संध्याकाळी सुनेसाठी कैरीचं पन्हं केलं, वेलची जरा जास्तच घातली, आणि तिच्या नजरेला नजर दिली नाही. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

पण तालमी मात्र अशा रंगल्या की सांगता सोय नाही! खिचडीच्या कढईसमोर गाणं, भाजीच्या ठेल्यावर गाणं, पार्लरमध्ये बाई डोळे मिटून बसली असली तरी गाणं. यमुताई फोन कानाला बांधल्यासारख्या फिरायच्या. शनिवारी सगळ्या जमल्या, आणि मुखडा संपताच त्या मोकळ्या मात्रेवर यमुताईंनी पेटीच्या लाकडावर दोनदा टकटक केलं आणि तेरा जणी म्हणाल्या, "हाव वं!"

कांताबाई कपाळाला हात लावून खालीच बसल्या. "अवं बह्याडांनो, ते गाण्यातलं नाही. ते मी म्हटलं."

"माहीत आहे वं," माया म्हणाली. "पण त्याच्याशिवाय आता कडवं उचलतच नाही."

कांताबाईंना वेगळीच काळजी पडली. भैरवी आपलं गाणं ओळखणार नाही का? हाव वं ऐकलं की तिला कळणारच, हे विकत घेतलेलं नाही, कुणाच्या तरी घरात बसून उतरवलंय. चोरीवर सही केल्यासारखं! त्यांनी फर्मान काढलं, त्या मात्रेला सगळ्यांनी दात दाबून धरायचे. पुढच्या तालमींना अर्ध्या जणींनी पदराचा बोळा तोंडात धरायचा सराव केला. जमलं. यमुताईंनाही खुणेनं समजावलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं असावं.

एक मेची संध्याकाळ. समाजभवन खचाखच. सगळ्या जणी एकसारख्या हिरव्या लुगड्यांत, केसांत मोगरा, तोंडाला कोरड. भैरवी पहिल्या रांगेत बसली होती, तिशीची, साधी, मांडीवर हात ठेवून. वाठोड्याचं मंडळ गाऊन गेलं, टाळ्या झाल्या, आणि यांचं नाव पुकारलं. कांताबाई मंचावर उभ्या राहिल्या, समोर पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत श्वेता. सुट्टी असली तरी ऑफिसात काम आहे, यायला जमणार नाही, असं म्हणाली होती. आली होती. तिनं हात हलवला.

आता काय करता! यमुताईंनी सूर धरला.

माय, दार लोटून ठेव, कडी लावू नको वं...

चौदा तोंडांतून ते असं उसळलं की मागच्या रांगा उठून बघू लागल्या. भैरवी पुढे सरकून बसली. कांताबाईंना आपला पाय जमिनीला लागतोय की नाही तेही कळेना. सावनेरच्या विहिरीपासून आजवर जेवढी गाणी वाटली, ती सगळी गोळा होऊन गळ्यात आल्यासारखं झालं. मुखडा संपला. ढोलकी थांबली. मोकळी मात्रा.

टकटक, यमुताईंनी पेटीवर वाजवलं.

आणि चौदा जणी, दात, पदर, फर्मान सगळं विसरून, एका जिवानं म्हणाल्या, "हाव वं."

त्यात सगळ्यात मोठा आवाज कांताबाईंचा होता.

पुढचं गाणं त्यांनी कसं म्हटलं त्यांनाच ठाऊक नाही. चांगलं झालं असावं, कारण टाळ्या थांबेनात. त्या खाली उतरू लागल्या, तेवढ्यात भैरवीनं माईक घेतला.

"थांबा काकू. तो हाव वं माझ्या गाण्यात नाही. ती टकटक पण नाही. हे कुठून आणलं तुम्ही?"

माया काहीतरी सांगायला पुढे झाली. कांताबाईंनी तिला मागे सारलं. त्यांना तिसऱ्या रांगेतला चेहरा दिसत होता. तो आता हसत नव्हता.

"चोरून आणलं," त्या म्हणाल्या. "गाणं विकत घेतलं ते माझ्या सुनेनं, माझ्यासाठी. कोणाले देऊ नका म्हणाली होती, आन मी हाव म्हटलं होतं. मंग ह्या सगळ्या जणींले घरात बसवून फोनवर उतरवून दिलं. ह्या बायायचा दोष नाही, दोष माझा आहे. तो आवाजही माझाच आहे. मधातच निघून गेला."

भैरवी म्हणाली, "प्रत्येकीनं घेतलं असतं तं मले बरं वाटलं असतं, काकू. खोटं काहून बोलू? ह्या गाण्यायवरच माझं चालते."

"हाव," कांताबाई म्हणाल्या. हा हाव खाली मान घालून होता.

"पण एक सांगा. तेव्हा तुम्ही कोणाले म्हणून राहिल्या होत्या, हाव वं?"

"सुनेले. उन्हाची आली होती, दार ठोकून राहिली होती. हाव म्हटलं आन दार नाही उघडलं. गाणं संपायचं होतं ना."

भैरवी उठून मंचाजवळ आली. "ती मात्रा मी मोकळी सोडली होती. पोरगी दारातून बोलते, तं माय काहीतरी म्हणत असन ना. काय म्हणत असन, ते मले सुचलंच नाही. लय डोकं लावलं, मंग तसंच राहू दिलं." ती थांबली. "हे मले देता का, काकू? मी गाणं पुन्हा करीन, तुमच्या आवाजात हे घालून."

कांताबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. "नेजो वं पोरी. विरजण मागायले आलेलीले कोणी नाही म्हणते का?"

एवढ्यात यमुताईंनी, आपण हळू बोलतोय अशा समजुतीनं, अख्ख्या भवनाला ऐकू जाईल असं मायाला विचारलं, "त्याले पण कुलूप लावते का वं ही पोरगी?" सगळं भवन हसलं. भैरवी तर माईक खाली ठेवून हसली.

नंबर मात्र आला नाही. मूळ गाण्यात फेरफार चालणार नाही असा नियम होता, आणि फेरफार तर सगळ्यांनी ऐकला होता. पहिला नंबर वाठोड्याला गेला. चौदा जणींना त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. मायानं बाहेर सगळ्यांना कुल्फी दिली, आणि त्यांनी रस्त्यावर उभं राहून गाणं पुन्हा एकदा म्हटलं, टकटकीसकट.

कांताबाईंनी कुल्फी घेतली नाही. श्वेता गाडी काढून उभी होती. त्या मागे बसल्या. समोर हेल्मेट होतं, चेहरा दिसत नव्हता. कांताबाईंनी दोनदा तिच्या खांद्यावर हात ठेवायचा विचार केला आणि दोनदा आवरला. आता ही उद्यापासून पुन्हा गोळ्यांची आठवण करून देईल, नीट बोलेल, नीट वागेल, आणि झालं.

घराशी आल्यावर श्वेता गाडी लावायला थांबली. कांताबाई आत गेल्या, दार लोटलं आणि रोजच्या सवयीनं हात कडीकडे गेला. डोक्यात दुसरंच चाललं होतं. कडी अर्धी सरकलीही.

बाहेरून दारावर दोन टकटकी झाल्या. मग आवाज आला, नाशिकच्या गळ्यातून, चालीत जरा हुकलेला:

"कडी लावू नको वं... मी येऊन राहिली."

कांताबाईंचा हात कडीवर तसाच राहिला. चौदा जणींच्या पुढे निघालेला शब्द या वेळी मागेच राहिला. त्यांनी दोन्ही हातांनी कडी काढली आणि दार उघडलं.

"हाव वं," दारातून आत येत श्वेताच म्हणाली, आणि पाय झटकून चप्पल सोडून सरळ स्वयंपाकघरात गेली. "पन्हं आहे का घरात? त्या दिवशी उन्हात उभं केलंत, आज तरी थंडगार द्या."